‘कोनी पोर शेस वं तू?’ : वाढत्या वयातल्या मुलांसोबत जुन्या काळातली मालिका कशी पाहावी

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे झोक्यापाशी भरपूर फोटो निघाले. माहेरवाशिणी, त्यांची लेकरं, शेजारच्या दोघी-तिघी, सगळ्या आहेत. माझी भाची एकाही फोटोत नाही. दर वेळी ही पाणी आणायला नाहीतर कैऱ्या कापायला आत. वय तेरा. मी सरळ विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी, पावसाने शेतावर जाणं अडलेल्या एका रविवारी, मी टीव्हीवर ‘अ‍ॅन विथ अ‍ॅन ई’ लावली. अर्ध्या तासाने हीच मुलगी न विचारता बोलत होती, पण अ‍ॅनबद्दल. "तिला वाटतं ना मावशी, सगळे तिच्या तोंडावरचे ठिपकेच बघताहेत. कोणी बघतपण नसतं. पण हे तिला कसं कळणार?"

पुढे गल्लीतली आणखी पाच मुलंमुली आली आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत दर रविवारी बैठक बसायला लागली. त्यातून जे जमलं आणि जे फसलं ते इथे लिहिते आहे. मला सापडलेली गोष्ट एवढीच की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापलीकडच्या मुलीच्या आडून मुलं स्वतःबद्दल बोलतात. तो आडोसा काढायचा नाही.

मालिकेबद्दल, कामापुरतं

कॅनडातली मालिका. 2017 ते 2019 मध्ये तीन सीझन, मिळून 27 भाग. काळ 1890 च्या दशकातला, जागा प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचं पूर्वेकडचं बेट. मॅथ्यू आणि मेरिला हे लग्न न केलेले, उतारवयातले भाऊ-बहीण शेतीकामाला हाताशी म्हणून अनाथाश्रमातून मुलगा मागवतात आणि गाडीतून उतरते तेरा वर्षांची अ‍ॅन. लाल केस, तोंडभर ठिपके, हाडकुळी आणि अखंड बडबडी. मुलगा हवा होता, मुलगी आली. हे वाक्य आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

परदेशी नको असेल तर 2012 साली झी मराठीवर आलेली ‘उंच माझा झोका’ घ्या. रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची आहे. 1879 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांची बदली सरकारने धुळ्याला केली होती, तेव्हा रमाबाई सतराच्या होत्या. म्हणजे धागा आपल्या दारापर्यंत येतो. तरी मी अ‍ॅन निवडली, कारण रमाबाईंबद्दल बोलताना मुलं शाळेतल्या भाषणासारखी बोलायला लागतात. थोर व्यक्तीला चिडायची, हेवा करायची, खोटं बोलायची मुभा मुलं देत नाहीत. अ‍ॅनला देतात.

पहिली पायरी: आधी एकट्याने पाहा

ही पायरी गाळू नका. हिरवी शेतं, घोडागाडी, टोप्या बघून आपण समजतो, लहान मुलांची गोष्ट असणार. ती तशी नाही. अ‍ॅनला अनाथाश्रमात आणि कामाच्या घरी झालेली मारहाण तुकड्या-तुकड्याने दिसते. पहिल्याच सीझनमध्ये ती वर्गातल्या मुलींना मोठ्यांच्या खासगी गोष्टी सांगते. त्या घरांमध्ये कानावर पडलेल्या, अर्ध्या समजलेल्या. सगळ्या मुली तिच्यापासून लांब होतात. मासिक पाळी सुरू होण्याचा प्रसंगही आहे. मी आदल्या दिवशी प्रत्येकीच्या आईला सांगून ठेवलं आणि मुलग्यांना बाहेर पाठवलं नाही. दोघं मान खाली घालून चुरमुऱ्यांच्या भत्त्यातले शेंगदाणे वेचत बसले. बसू दिलं.

सगळ्यात जपायची जागा पहिल्या सीझनच्या शेवटाकडे आहे. शेतीवर कर्ज काढलेलं, माल घेऊन गेलेलं जहाज बुडालेलं, मॅथ्यूचं हृदय साथ सोडतं आणि मग तो स्वतःचा जीव घ्यायला निघतो. कापसाच्या पट्ट्यात कर्ज हा शब्द घराघरात दबक्या आवाजात बोलला जातो. समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरात, भाऊबंदकीत असं काही घडलंय, ते तुम्हाला आधी माहीत असायलाच हवं. तसं असेल तर तो भाग सगळ्यांसमोर लावूच नका. नसेल तरी सुरू करण्याआधी सांगा, "पुढे असं असं आहे. ज्याला नको असेल त्याने माझ्यासोबत स्वयंपाकघरात चहा टाकायला यायचं." आमच्याकडे एक मुलगा उठला. कारण मी विचारलं नाही, आलं किसायला दिलं.

दुसरी पायरी: कोण, कुठे, किती

पाच ते सात जण पुरे. बारा ते पंधरा वयाची मुलं. धाकटी भावंडं असली की मोठी मुलं गप्प होतात, आणि कोणाचेही आईवडील खोलीत असले तर काहीच होत नाही. घरातल्या पुरुषमंडळींना तेवढा दीड तास ओट्यावर बसायला सांगा. "काय चाललंय पोरांनो?" म्हणत कोणी एकदा आत डोकावलं की पुढची वीस मिनिटं वाया जातात.

मोबाइलवर नको, टीव्हीवर लावा. सगळ्यांनी एकाच दिशेला बघत बसणं कामाचं असतं, कारण एकमेकांच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं. भाषा इंग्रजी, खाली इंग्रजीच अक्षरं, आणि दर आठ-दहा मिनिटांनी मी थांबवून मराठीत सांगते. आधी मला हे लोढणं वाटायचं. मग कळलं, खरी बोलणी त्या थांब्यांतच होतात. पहिला भाग जवळजवळ दीड तासाचा आहे, तो दोन रविवारांत तोडा. बाकीचे पाऊण तासाच्या आसपासचे. सगळे 27 पाहायच्या फंदात पडू नका. पहिला सीझन सलग आणि पुढचे निवडक, असं धरलं तर दिवाळीपर्यंत होतं.

तिसरी पायरी: प्रश्न तिच्याबद्दलच विचारा

माझी घोडचूक इथे झाली. तिसऱ्या रविवारी अ‍ॅन आरशासमोर उभी राहून स्वतःला नावं ठेवत होती. मी टीव्ही थांबवला आणि मोठ्या कौतुकाने भाचीकडे बघून म्हणाले, "आपल्याकडेपण आहे बरं का एक अशी!" सगळे हसले. तीही हसली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

तेव्हापासून नियम केला. विचारायचं ते पडद्यावरच्या माणसांबद्दल. "तुला कधी असं वाटलं का?" हा प्रश्न वर्ज्य. त्याऐवजी "ती आत्ता खरं बोलली का?", "हे तिला आधी कोणी म्हटलं असेल?", "डायनाच्या जागी दुसरी कोणी असती तर?" (डायना म्हणजे अ‍ॅनची मैत्रीण) असं विचारा. मुलं उत्तर अ‍ॅनच्या नावाने देतात आणि माल स्वतःचा घालतात. एक आठवीतला मुलगा एकदा म्हणाला, "तिला कसं वाटत असंल, सगळे डबे उघडतात तेव्हा?" त्या प्रसंगात डबे नव्हतेच. मी एवढंच म्हटलं, "हो ना, कसं वाटत असेल." दोन मिनिटं शांतता झाली, मग दुसरीच मुलगी बोलायला लागली.

शांतता भरून काढायची घाई करू नका. शिक्षकी पेशातल्यांना हे फार जड जातं.

चौथी पायरी: थांबायच्या जागा

*नाव लिहिण्याचा प्रसंग.* अ‍ॅनवर चोरीचा खोटा आळ येतो, मेरिला तिला परत पाठवते, मग चूक कळते आणि मॅथ्यू तिला शोधत जातो. शेवटी घरच्या बायबलमध्ये ती आपलं नाव त्यांच्या आडनावासकट लिहिते. त्यांच्याकडे कुटुंबातल्या माणसांची नावं त्या ग्रंथात लिहून ठेवायची पद्धत होती. इथे मी विचारलं, "आपल्याकडे असं पुस्तक कोणतं?" उत्तर ताबडतोब आलं: रेशन कार्ड. मग अर्धा तास तेच. कोणाचं नाव अजून मामाच्या गावच्या कार्डावर आहे, कोणाच्या वहिनीचं चढायला किती खेटे पडले, लग्न झालं की मुलीचं नाव कमी करायला बाप स्वतः जातो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात राज्य सरकारने आईचं नावही बंधनकारक केलंय, हे सांगितल्यावर एकीने वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव तसं लिहून बघितलं आणि पान फाडून खिशात ठेवलं.

आपल्या गावात नव्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, "कोनी पोर शेस वं तू?" म्हणजे, कोणाची मुलगी गं तू? विचारणारी म्हातारी मायेनेच विचारते. पण ज्या मुलीकडे सोपं उत्तर नाही, वडील सोडून गेलेले, आईसोबत मामाकडे राहणारी, तिला तो प्रश्न दर लग्नात, दर कानबाईच्या सणाला नव्याने टोचतो. पूर्ण मालिका या एकाच प्रश्नावर उभी आहे, असं माझं मत झालंय.

*पाटीचा प्रसंग.* वर्गातला गिल्बर्ट तिला "गाजर" म्हणून चिडवतो, ती पाटी त्याच्या तोंडावर फोडते आणि पुढे शाळेत जायचंच सोडते. मुलं टाळ्या वाजवतात. वाजवू द्या. मग विचारा, "शिक्षा कोणाला झाली?" इथे गल्लीतली सगळी टोपणनावं बाहेर येतात. काळू, बटाटा, सुतळी, चष्मिश. नोंद घ्या, पण फळ्यावर यादी करू नका. मी एकदा करायला गेले आणि मधल्या सुट्टीत नवी दोन नावं रूढ झाली.

*हिरवे केस.* दुसऱ्या सीझनमध्ये लाल रंग नकोसा होऊन अ‍ॅन केसांना रंग लावते. केस होतात हिरवे आणि शेवटी कापावे लागतात. मुलग्यांना हा विनोदी भाग वाटतो, मुलींना मुळीच वाटत नाही. आपल्याकडे हीच गोष्ट केसांऐवजी कातडीच्या रंगाची आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, मुली सायकलवरून डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधून जातात. उन्हासाठी असतंच ते, पण "काळी पडशील" हे आईचं वाक्य त्याच्या आधी आलेलं असतं. गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ शब्द 2020 मध्ये निघाला, घरातून निघालेला नाही. या भागात एकच प्रश्न विचारा: "रंग चांगला बसला असता, तर पुढच्या आठवड्यात तिने काय बदललं असतं?" आमच्याकडे उत्तरं आली: ठिपके, मग नाव, मग बोलणं. मोबाइलमधल्या फिल्टरचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. फिल्टर लावलेला आपलाच फोटो नंतर बघवत नाही, हे एका मुलग्याने सांगितलं. मला वाटत होतं, हा मुलींचा प्रश्न.

*फुगीर बाह्या.* गावातल्या सगळ्या मुलींसारख्या फुगीर बाह्यांचा झगा अ‍ॅनला हवा असतो. मेरिलाला तो चोचला वाटतो. बायकांशी बोलायलाही लाजणारा मॅथ्यू स्वतः दुकानात जातो. आमच्या पोरांना बाह्यांपेक्षा तो दुकानातला बाप जास्त भावला. एकाने सांगितलं, वडील केळीचा माल घालून जळगावला गेले, फुले मार्केटमधून बूट आणले ते एक नंबर मोठे. "बदलून आणू का" असं त्यांनी विचारलं, तर हा म्हणाला, "नको, बसतात." पुढे कापूस कोंबून वर्षभर वापरले. इथे मी काही विचारलं नाही.

*कोल.* दुसऱ्या सीझनमधला चित्रं काढणारा मुलगा. खेळात रमत नाही, वर्गातली मुलं त्याला छळतात आणि आपल्याला मुलींबद्दल तसं काही वाटणार नाही हे त्याला हळूहळू उमगतं. या भागात मुलांपेक्षा तुमच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. तुम्ही नाक मुरडलंत की बसलेल्यांपैकी एखादं कायमचं गप्प होईल आणि तुम्हाला कधीच कळणार नाही की कोण.

पाचवी पायरी: तेव्हा इथे काय होतं?

जुन्या काळातल्या मालिकेचा खरा फायदा इथे आहे. एक मोठा कागद घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे ‘तिथे’, उजवीकडे ‘इथे’. वर्षं तीच.

तिथे अ‍ॅन तेरा वर्षांची, शाळेत भांडणारी. इथे बहिणाबाई, 1880 चा जन्म, आसोद्याची. म्हणजे दोघी एकाच काळातल्या तेरा वर्षांच्या मुली. बहिणाबाई त्या वयात लग्न होऊन जळगावला सासरी आलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. 1891 मध्ये सरकारने संमतीवयाचा कायदा करून मुलीचं वय दहावरून बारावर नेलं, तर त्यावरून देशभर रान उठलं. तिथली माती लाल, बटाट्याची. इथली काळी, कापसाची. जळगाव, धुळे, नंदुरबार असे वेगळे जिल्हे नव्हतेच. अख्खा खानदेश एक जिल्हा, मुख्य ठिकाण धुळे. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले.

मुलांना यात बहिणाबाईंचंच कुतूहल वाटतं. त्या बोलायच्या तशाच, लेवा गणबोलीत, जात्यावर, शेतात गाणी रचायच्या. पुस्तक निघालं 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर. मी विचारलं, "आज त्या तुमच्या वर्गात आल्या आणि तशाच बोलल्या तर?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "हसतील." "कोण?" "आम्हीच."

‘पूर्वी सगळं वाईट, आता सगळं चांगलं’ असा निकाल मात्र लावू देऊ नका. कागदावर तिसरा रकाना आखा, ‘आत्ता’, आणि तो त्यांना भरू द्या. तो भरेल तसा वाचू नका. घरी न्यायला सांगा.

सहावी पायरी: आवाज बंद करून अहिराणीत बोला

ही युक्ती माझी नाही, पोरांनीच काढली. आवाज बंद करायचा आणि एकेकाने एकेका पात्राचं बोलायचं, अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत. शाळेत अहिराणी तोंडातून निसटली की "गावठी" ऐकून घेतलेली ही मुलं. पहिल्यांदा नुसता गोंधळ झाला. मग पाटीचा प्रसंग आला आणि एक मुलगी उसळून म्हणाली, "माले गाजर म्हनस का? ले मंग!" खोली दणाणली.

तीन गोष्टी सांभाळा. दोन मिनिटांपेक्षा लांब प्रसंग घेऊ नका. विनोदी प्रसंगाने सुरुवात करा. आणि ज्याच्या घरी अहिराणी नाही, तावडी, पावरी, मारवाडी, उर्दू, जे असेल ते त्याने बोलावं. आमच्यातला एकजण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून आलेला, त्याने हिंदीत मेरिला केली. फक्कड केली.

अनाथाश्रमाकडे परत पाठवलेल्या अ‍ॅनला मॅथ्यू स्टेशनवर गाठतो, तिथे परक्या लोकांसमोर तो तिला आपली मुलगी म्हणतो. तो प्रसंग आला तेव्हा मॅथ्यूची पाळी बुटांवाल्या मुलाची होती. एरवी त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. तो म्हणाला, "मनी पोर शे ती." एवढंच. पुढचं संभाषण कोणी केलंच नाही, मूक चित्र चालू राहिलं.

सातवी पायरी: काक्वेटचे भाग

तिसऱ्या सीझनमध्ये मिक्माक या आदिवासी समाजातली काक्वेट ही अ‍ॅनची मैत्रीण होते. तिला शिकवण्याच्या नावाखाली निवासी शाळेत नेतात, केस कापतात, नाव आणि भाषा काढून घेतात. कॅनडात अशा शाळा खरोखर होत्या. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 2015 मध्ये आला. नंदुरबारकडच्या, आश्रमशाळेत राहिलेल्या मुलांसोबत पाहत असाल तर सरधोपट तुलना करू नका. आपली आश्रमशाळा म्हणजे ती शाळा नव्हे. पण घरची बोली दाराबाहेर ठेवून आत जायचं म्हणजे काय, हे त्या मुलांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना आधी बोलू द्या. या मुलीची गोष्ट मालिकेत अर्धवटच राहते, कारण मालिका तिथेच बंद पडली. पोरं चिडतात.

बोलण्यातून काळजीचं काही निघालं तर

अ‍ॅनच्या आडून कधी कधी जे येतं ते गप्पांच्या पलीकडचं असतं. मुलगी मुद्दाम जेवण सोडतेय, अंगावर कापल्याच्या खुणा आहेत, "मी नसलेलीच बरी" अशी भाषा येतेय, घरात कोणी हात लावतंय. तेव्हा सगळ्यांसमोर विषय लांबवू नका. नंतर एकटीला गाठा आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागेल. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416, दोन्ही नंबर मोफत आहेत. मी ते टीव्हीच्या शेजारच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवलेत. कोणी बघितलं तरी विचारत नाही.

घरच्यांना काय सांगायचं

सुरुवातीला दोन आया विचारायला आल्या, "टीव्हीच दाखवता ना?" मी सांगितलं, इंग्रजी सुधारतं. खोटंही नाही ते.

आणि भिंतीपलीकडच्या आजींना तुम्ही कितीही लांब ठेवा, त्यांना सगळं ऐकू येतं. आमच्या शेजारच्या आजी दर रविवारी बैठक संपली की खिडकीतून एकच विचारतात, "मंग ऱ्हायनी का ती पोर तठे?"

"ऱ्हायनी, आजी!" सगळे एकदम ओरडतात. भाची सगळ्यात मोठ्याने.